न लिहिलेल्या गुन्ह्याची शिक्षा

मागच्या शनिवारी सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खायला गेलो होतो. सोबत शाळेतला एक मित्र होता. तो इथे नागपूर खंडपीठात वकिली करतो आणि आम्ही त्याला 'वकीलसाहेब' म्हणतो, तो चिडतो म्हणून. तर वकीलसाहेब वैतागलेले होते.

"अबे, दहा वर्षं तोंडात तीनशेदोन बसलं आहे. आता एकशेतीन म्हणायचं. अन् काल एकाच दिवशी दोन्ही म्हणावं लागलं बे."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेत ५११ कलमं होती, नवीत ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं. पण जुना कायदा लगेच मेला असं नाही. ३० जून २०२४ ला रात्री घडलेला गुन्हा जुन्या संहितेखाली चालतो आणि १ जुलैला घडलेला नव्या. म्हणून आमच्या मित्राला दोन्ही व्हर्जन्स एकदम सांभाळावी लागतात. मी म्हटलं, आम्ही तर रोजच हे करतो, त्याचा पगार मिळतो.

मग मी सहज विचारलं, "तीनशेदोनच्या आधी काय होतं?"

"आधी म्हणजे?"

"दंड संहिता लागू झाली १ जानेवारी १८६२ ला. त्याच्या आधी, इथे नागपुरात, कोणी खून केला तर त्याला कोणत्या कलमाखाली धरायचे?"

त्याने पोह्यांवर तर्री ओतून घेतली. "कलम नव्हतं."

"मग खून हा गुन्हा आहे हे आलं कुठून?"

"आता हे तूच शोधून सांग. तुले लय वेळ असतो."

तर मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय हा. जिथे फौजदारी कायदा लिहिलेलाच नाही, तिथे तो येतो कुठून? मी काही कायद्याचा माणूस नाही. वाचलेलं नीट लावून सांगतोय, एवढंच. आणि शेवटी एक घरची गोष्ट आहे. खरं म्हणजे ती आठवली म्हणूनच लिहायला बसलो.

आधी नागपूर

आपलं शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास वसवलं असं मानतात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे भोसल्यांचं राज्य पक्कं झालं. पहिले रघूजी, मग जानोजी, मुधोजी, दुसरे रघूजी... नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, आप्पासाहेब भोसले हरले आणि १८१८ मध्ये तिसऱ्या रघूजींना लहान वयात गादीवर बसवलं. राजा अज्ञान म्हणून कारभार इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाती गेला. १८२६ च्या तहानंतर टप्प्याटप्प्याने, १८३० पर्यंत, मुलूख राजाकडे परत आला. डिसेंबर १८५३ मध्ये रघूजी वारले. औरस मुलगा नव्हता, डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. लगेच पुढच्या नववर्षाला दंड संहिता आली.

म्हणजे शंभराहून जास्त वर्षं या शहरात लोक राहत होते, भांडत होते, चोऱ्या करत होते, खून करत होते आणि त्यांना शिक्षाही होत होत्या. पण "अमुक केलं तर अमुक शिक्षा" असं छापलेलं पुस्तक नव्हतं. गावात पाटील, परगण्यात कमाविसदार, मोठ्या प्रांतावर सुभेदार, शहरात कोतवाल आणि सगळ्यांच्या वर राजा. हीच माणसं महसूल गोळा करायची आणि हीच न्याय करायची. वेगळं न्यायखातं हा प्रकारच जवळजवळ नव्हता. महालात आजही 'कोतवाली' पोलीस ठाणं आहे आणि आपल्याकडच्या खेड्यात अगदी आत्ता-आत्तापर्यंत महसूल खात्याचा 'कोतवाल' होता. नावं टिकली, अधिकार गेले.

मग कायदा यायचा कुठून?

मराठा राज्यांत तो साधारण पाच ठिकाणांहून यायचा. मी माझ्या सोयीसाठी यादी करतोय.

पहिलं, शास्त्र. मनू, याज्ञवल्क्य आणि त्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका. यात चोरी, मारहाण, खून, परस्त्रीगमन सगळं आहे, शिक्षाही आहेत. पण दोन गोष्टी त्यात एकमेकांत मिसळल्या आहेत. एक दंड, जो राजा देतो. दुसरं प्रायश्चित्त, जे पाप धुण्यासाठी स्वतः घ्यायचं असतं. गुन्हा आणि पाप यांच्यातली भिंत फार पातळ.

दुसरं, रिवाज. गावाचा, जातीचा, धंद्याचा. गोतसभा बसायची, म्हणजे गावचे वतनदार, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते. त्यांनी ठरवलेलं महजर म्हणून लिहिलं जायचं आणि खाली निशाण्या व्हायच्या. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, असं. मला हा भाग फार आवडतो. अक्षर न येणारा माणूसही न्यायनिवाड्यावर सही करू शकत होता.

तिसरं, हुकूम. राजा किंवा पेशवा एखाद्या प्रकरणात आज्ञा द्यायचा आणि ती पुढे दाखला म्हणून चालायची.

चौथं, जुने दाखले. "पूर्वी असंच प्रकरण अमक्या गावी झालं, तेव्हा असं केलं होतं." वतनाच्या भांडणात तर लोक चार-चार पिढ्यांचे कागद घेऊन यायचे.

पाचवं, समोर बसलेल्या अधिकाऱ्याची अक्कल. आणि फौजदारी बाबतीत बहुतेक वेळा हेच पाचवं पहिल्या नंबरवर असायचं.

हे मी म्हणत नाही. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात त्याने हे नोंदवलंय. तो इंग्रज होता, जिंकलेला होता, त्यामुळे मीठ जरा जपून घालायचं. पण तो मराठा व्यवस्थेचा शत्रू म्हणून लिहीत नव्हता. पंचायत टिकावी असं म्हणणारा तो माणूस. त्याचं म्हणणं असं की दिवाणी बाबतीत लोकांना आपला कायदा बऱ्यापैकी ठाऊक असायचा, पण शास्त्रातली फौजदारी कलमं मोठे विद्वान सोडले तर कुणालाच माहीत नव्हती. धर्माशी संबंध असला तर शास्त्रींना विचारायचे. बाकी सगळं रिवाज आणि अधिकाऱ्याला जे सोयीचं वाटेल ते.

आणि पुढचं वाचून मी जरा थांबलो. तो लिहितो की विशेष क्रूरपणा नसेल तर खुनाला फाशी होत नसे, बहुधा दंड व्हायचा. उलट वाटमारी आणि घरफोडीला मात्र देहान्त. कारण काय? तर वाटमारी करणारे बहुतेक खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींचे. शिक्षा गुन्ह्यावर कमी आणि गुन्हेगाराच्या जातीवर जास्त ठरायची. बऱ्या जातीच्या माणसाला राजद्रोह सोडला तर सहसा मारत नसत. ब्राह्मणाला उघड फाशी देता येत नाही, म्हणून पीठ आणि मीठ सारख्या प्रमाणात घालून केलेली भाकरी खायला घालून हळूहळू मारायचे. बायकांना देहान्त नाही, पण नाक-कान कापणं होतं.

हे पेशव्यांच्या मुलखाचं वर्णन आहे, नागपूरचं नाही. पण भोसले त्याच मराठा मंडळातले. पाटील-कमाविसदार-सुभेदार हा ढाचाही त्याच वळणाचा. जेंकिन्सने नागपूर राज्यावर लिहिलेला मोठा अहवाल १८२७ मध्ये कलकत्त्याला छापला गेला. त्यातलंही राज्य कागदी संहितेवर चालणारं नाही, माणसांवर चालणारं आहे.

पुरावा नसेल तर?

साक्षीदार आणि कागद दोन्ही फसले की दिव्य. सगळ्यात माहितीतलं म्हणजे रवा दिव्य. भांड्यात तेल किंवा तूप उकळायचं, त्यात धातूचा लहान तुकडा टाकायचा आणि आरोपीने किंवा वादीने तो हाताने बाहेर काढायचा. त्याआधी हात धुऊन, नखं काढून तपासायचे. नंतर हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची. काही दिवसांनी सगळ्यांसमोर उघडायचं. फोड नाही, तर खरा. फोड आले, तर खोटा. हे मुख्यतः वतनाच्या भांडणात व्हायचं, पण चोरी आणि बदकर्माच्या आरोपातही झालेलं आहे.

हसू येतं ना? मलाही आलं. पण मग वाटलं, बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही हेच चालू होतं. तिथे १२१५ मध्ये पोपच्या परिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायची बंदी केली, म्हणून ते बंद पडलं आणि ज्यूरी पुढे आली. आपल्याकडे ते सहाशे वर्षं जास्त चाललं, एवढाच फरक. (एवढाच म्हणजे बराच.)

रामशास्त्री: अलिखित कायद्याची उंची

आता दुसरी बाजू. ३० ऑगस्ट १७७३ ला पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. संशय काका राघोबादादांवर. तेच पेशवे होऊन बसलेले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. शास्त्रीबुवांनी चौकशी केली आणि राज्याच्या सर्वोच्च माणसाला सांगितलं, तुम्ही दोषी आहात, याला देहान्त प्रायश्चित्त. आणि पुणं सोडून निघून गेले.

ही गोष्ट आपण चौथीपासून ऐकतो. पण त्यातला एक शब्द नीट बघा. प्रायश्चित्त. शिक्षा नव्हे. कारण शिक्षा देणार कोण? शिक्षा देणारा राजाच आरोपी आहे. कोणतंही कलम नाही, वर अपील नाही, अंमलबजावणी करणारं कुणी नाही. अशा वेळी रामशास्त्र्यांच्या हातात फक्त एकच आधार उरला: राजाच्याही वर असलेलं काहीतरी, जे लिहिलेलं असो वा नसो, सगळ्यांना मान्य आहे. अलिखित कायद्याची ताकद इथे दिसते. तो राजाने केलेला नसतो, म्हणून राजालाही लागू होतो.

आणि मर्यादाही इथेच दिसते. राघोबादादांना देहान्त झाला नाही. बारभाईंनी त्यांना राजकारणाने बाजूला केलं, न्यायाने नाही.

साहेबाच्या देशात तरी लिहिलेलं होतं का?

नाही! हा या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात मजेशीर वाटलेला भाग. ज्या इंग्रजांनी आपल्याला दंड संहिता दिली, त्यांच्याकडे आजसुद्धा ती नाही. इंग्लंडमध्ये खुनाची शिक्षा कायद्यात आहे, पण "खून म्हणजे काय" याची पूर्ण व्याख्या संसदेच्या कोणत्याही कायद्यात नाही. ती न्यायाधीशांच्या निकालांतून आणि सतराव्या शतकातल्या एडवर्ड कोकच्या ग्रंथातून येते. म्हणजे त्यांचंही "पहिल्यापासून असंच आहे".

याचे परिणाम दोन्हीकडचे आहेत. मॅथ्यू हेल नावाचा एक मोठा न्यायाधीश १६७६ मध्ये वारला. साठ वर्षांनी, १७३६ मध्ये, त्याचं पुस्तक छापलं. त्यात त्याने लिहिलेलं, की नवरा बायकोवर बलात्कारासाठी दोषी ठरू शकत नाही, कारण लग्नातच तिने कायमची संमती दिली. एका मेलेल्या माणसाच्या पुस्तकातला विचार, पण अडीचशे वर्षं तो कायदा म्हणून चालला. शेवटी १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की हे आता चालणार नाही. संसदेने काही केलं नव्हतं. न्यायाधीशांनी घातलेला नियम न्यायाधीशांनीच काढला.

छान झालं ना? पण आता आरोपीच्या बाजूने बघा. त्याने ते कृत्य केलं तेव्हा पुस्तकांप्रमाणे तो गुन्हा नव्हता. निकाल लागला तेव्हा तो गुन्हा झाला. असाच प्रश्न पुढे स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि १९९५ मध्ये त्यांनी सांगितलं की कायदा या दिशेने चाललाय हे दिसत होतं, त्यामुळे अन्याय झाला नाही. मला निकाल पटतो. पण "दिशा दिसत होती" हे उत्तर दुसऱ्या एखाद्या प्रकरणात किती धोक्याचं ठरेल, हेही दिसतं.

आणि आपल्याकडे? तीच हेलची सवलत १८६० च्या दंड संहितेत अपवाद म्हणून लिहिली गेली. लिहिली म्हणजे गोठली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायकोच्या वयाची अट १५ वरून १८ केली, पण अपवाद तसाच राहिला आणि नव्या न्याय संहितेच्या ६३ व्या कलमातही तो आहे. ज्यांच्याकडे लिहिलेलं नव्हतं त्यांनी बदललं, आपल्याकडे लिहिलेलं होतं म्हणून अडकलं. एक-शून्य असं सोपं गणित इथे नाही.

मॅकॉलेचे युनिट टेस्ट

मग इंग्रजांनी इथेच संहिता का केली? कारण इथला गोंधळ त्यांचा स्वतःचा होता. बंगालमध्ये त्यांनी मुसलमानी फौजदारी कायदा ठेवून त्याला ठिगळं लावली. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये गुन्हे आणि शिक्षा एकत्र लिहून वेगळे नियम केले. मद्रासचं तिसरंच. मॅकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये मसुदा दिला, तेव्हा सोबतच्या पत्रात याची उदाहरणं दिली आहेत. बनावट दस्तऐवज आणि खोटी साक्ष, या दोन गुन्ह्यांत बंगालमध्ये पहिल्याला दुप्पट शिक्षा, मुंबईत दुसऱ्याला दुप्पट आणि मद्रासमध्ये दोन्हींना सारखी. शिपायाकडून पलटणीचं सामान विकत घेतलं तर मद्रास इलाख्यात चाळीस रुपये दंड, मुंबईत चार वर्षं कैद. एकच कंपनी, तीन ब्रँच, तिन्हींचा कोड वेगळा! आपल्यापैकी किती जणांनी असा प्रोजेक्ट पाहिलाय, हात वर करा :)

नागपूर तर या तिन्हींत नव्हतं. १८५४ नंतर आपण 'नॉन-रेग्युलेशन' मुलुख. म्हणजे इलाख्यांचे नियम इथे जसेच्या तसे लागू नाहीत, डेप्युटी कमिशनरने त्यांचा आशय घ्यायचा आणि आपल्या विवेकाने चालवायचं. पुन्हा पाचवा नंबर पहिला!

मसुदा १८३७ चा, कायदा १८६० चा. तेवीस वर्षं धूळ खात पडला. १८५७ झालं आणि मग घाई झाली.

पण मसुदा वाचनीय आहे, खरंच. मॅकॉलेने कलमांखाली उदाहरणं घातली. चोरीच्या कलमाखाली बघा. अ ने खिशात कुत्र्याला आवडेल असं खाणं ठेवलं आणि झ चा कुत्रा मागे आला, तर चोरी. खजिन्याची पेटी पाठीवर असलेला बैल दिसला आणि अ ने तो आपल्या वाटेला हाकला, तर चोरी. रस्त्यावर कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलली, तर चोरी नाही (दुसरा गुन्हा होऊ शकतो). ही सरळ युनिट टेस्ट आहेत. नियम वाचून शंका राहिली तर इनपुट-आउटपुट बघा. कमाविसदाराच्या मूडवर अवलंबून असलेल्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट असेल, याची कल्पना करा. कलमात "जो कोणी" असं लिहिलंय. ब्राह्मण असो, महार असो, गोंड असो, जो कोणी.

अर्थात गोड मानून घेऊ नका. कलम सारखं असलं तरी कोर्ट सारखं नव्हतं. गोऱ्या आरोपीला जिल्ह्यातल्या देशी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करता येत नसे, आणि १८८३ मध्ये इल्बर्ट बिलाने ते बदलायचा प्रयत्न झाला तेव्हा गोऱ्यांनी केवढं रान उठवलं! आणि याच सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याने जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. लिहिलेला कायदा अन्यायही नीट, व्यवस्थित, परिशिष्टासह लिहू शकतो.

आणि लिहिल्यावर तरी संपतं का?

इथे पुन्हा नागपूर. विव्हियन बोस हे इथलेच वकील. १९३६ मध्ये नागपूर हायकोर्ट झालं तेव्हापासून तिथे न्यायाधीश, १९४९ मध्ये मुख्य न्यायाधीश, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. १९५८ मध्ये त्यांच्यासमोर पंजाबचं विरसा सिंग प्रकरण आलं. एका माणसाने दुसऱ्याच्या पोटात भाला खुपसला. एकच वार. जखमी दुसऱ्या दिवशी मेला. आरोपीचं म्हणणं, मरेल एवढी जखम करायचा माझा हेतू नव्हता.

कलम ३०० चा तिसरा भाग कसा वाचायचा, असा प्रश्न होता. बोस यांनी पायऱ्या पाडल्या. जखम झाली का? कशा प्रकारची? तीच जखम करायचा हेतू होता का, की चुकून लागली? आणि शेवटी, ती जखम निसर्गतः मरण यायला पुरेशी होती का? ही शेवटची पायरी आरोपीच्या मनात शिरून ठरवायची नाही, वैद्यकीय बाजूने ठरवायची. खुनाची शिक्षा कायम झाली. देशभरातली कोर्टं आजही हाच निकाल पुढे ठेवून हा भाग वाचतात.

वकीलसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणून तर मी म्हणतो, आकडा बदलला तरी पुस्तक फेकता येत नाही."

म्हणजे १८६० मध्ये लिहिलेल्या तीन ओळींचा अर्थ ९८ वर्षांनी एका न्यायाधीशाने उलगडून दाखवला. लिहिलेल्या कायद्यातही न लिहिलेला कायदा असतोच. फरक इतकाच की त्याला आधी एका वाक्याच्या चौकटीत बसावं लागतं, आणि ते वाक्य तुम्ही-आम्ही आधीच वाचू शकतो. राज्यघटनेचं विसावं कलम तर पहिल्याच खंडात सांगतं: कृत्य करताना जो कायदा अमलात होता, तो मोडला असेल तरच शिक्षा.

आता घरची गोष्ट

रविवारी आजीकडे गेलो होतो. तिला हे सगळं सांगितलं, म्हणजे भोसले, मॅकॉले, कुत्रा वगैरे. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुह्या पणज्याले कोन्त्या कलमात धरलं होतं मंग?"

गोष्ट मी लहानपणी अर्धी ऐकली होती. पूर्ण त्या दिवशी ऐकली.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठाला. पणजोबांच्या शेतातून धानाचे पोते गेले. कोणी नेले ते त्यांना ठाऊक होतं, जातीतलाच माणूस, पंचांच्या घरचा. पणजोबा पंचांकडे न जाता थेट पोलिसात गेले. १९४० च्या आसपासची गोष्ट. म्हणजे दंड संहिता येऊन ऐंशी वर्षं होत आलेली. चोरी, कलम ३७९, सगळं छापलेलं.

पंच बसले. चोरावर नाही, पणजोबांवर. जातीचं भांडण बाहेर नेलं हा गुन्हा. एकावन्न रुपये दंड आणि जातीला जेवण. पणजोबांनी नकार दिला. मग वाळीत. दोन वर्षं.

"कोनी इस्तो देत नोहोतं, कोनी लग्नाले बलावत नोहोतं," आजी म्हणाली. हे तिला तिच्या सासूने सांगितलेलं. त्या दोन वर्षांत पणजोबांची धाकटी मुलगी तापाने गेली. सहा वर्षांची होती. जातीतलं एकही माणूस दारात आलं नाही. दुसऱ्या जातीचे चौघे आले, त्यांनी खड्डा खणू लागला. महिनाभरात पणजोबांनी बैल विकून दंड भरला, जेवण घातलं. पंगतीत चोरही बसला होता.

मी विचारलं, "पण आजी, पोलिसात जाणं गुन्हा आहे हे ठरवलं कोणी? कुठे लिहिलं होतं?"

आजीने माझ्याकडे असं पाहिलं की मी शिकलेला असून एवढं कळत नाही. "लिवाचं काय काम बाबू? साऱ्यायले ठाऊक असते."

साऱ्यायले ठाऊक असते. मूळ प्रश्नाचं उत्तर हे आहे. अलिखित व्यवस्थेत फौजदारी कायदा 'सगळ्यांना ठाऊक असतं' यातून येतो. गावाला चोर कोण हे ठाऊक असतं, भरपाई काय ते ठाऊक असतं, म्हणून कधीकधी तिथला न्याय कोर्टापेक्षा लवकर आणि शहाणपणाचा होतो. नांगराच्या निशाणीचं मला जे अप्रूप वाटतं ते खोटं नाही. रामशास्त्र्यांचं धैर्यही त्याच मातीतलं. पण 'सगळे' म्हणजे कोण, हे ठरवणारे नेहमी पंचच असतात. ज्याला शिक्षा होते त्याला बोटाने दाखवायला एक ओळसुद्धा नसते, की बघा, यात मी बसत नाही.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ मध्ये केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. वाळीत टाकणं हा आता लिहिलेला गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यामुळे जातपंचायती संपल्या असं मुळीच नाही, पेपरात बातम्या येतातच. पण पणजोबांकडे नसलेली ती एक ओळ आता आहे.

आजीला मी हा कायदा मोबाईलवर वाचून दाखवला, मराठीतून. तिने पूर्ण ऐकला. तांदूळ निवडायचे थांबले होते. मग म्हणाली, "त्या पोरीचं नाव लक्ष्मी होतं. तेही कोठीच लिवलेलं नाही."

इथे लिहून ठेवतोय.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.